सेगोव्हिया: चुन्याशिवाय उभा जलसेतू आणि दुरुस्त होत राहिलेले शहर

प्रास्ताविक

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर तुमच्यापैकी काही जणांच्या टेबलावर कधी ना कधी एक फाइल येईल. एखादा जुना दगडी पूल, वेस, बारव किंवा वाडा पाहून तो ठेवायचा की पाडायचा याचा अहवाल तुम्हाला द्यायचा असेल. अशा वेळी जागेवर गेल्यावर सांधे उघडे दिसतात, भेगा दिसतात, नकाशे मिळत नाहीत. आपण शिकलेलो असतो ती गणिते पोलाद आणि काँक्रीटची. ती तशीच लावली की उत्तर बहुधा 'असुरक्षित' असे येते, आणि त्या एका शब्दावर शेकडो वर्षांची वास्तू जाते.

दगडी बांधकामाकडे कसे पाहावे हे समजण्यासाठी आपण या पाठात स्पेनमधील सेगोव्हिया हे शहर घेणार आहोत. तेथील जुने शहर आणि रोमन जलसेतू यांचा समावेश युनेस्कोने १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत केला. या एका लहान शहरात रोमन, मध्ययुगीन, गॉथिक आणि प्रबोधनकालीन बांधकाम चालत पाहता येईल इतक्या अंतरावर आहे. त्यातली जवळजवळ प्रत्येक मोठी वास्तू कधी तरी पडली, जळली किंवा हलवली गेली, आणि पुन्हा उभी राहिली.

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:

१. डोंगरातले पाणी दरीपलीकडच्या शहरात रोमनांनी कसे नेले.
२. चुना किंवा कोणताही सांधक न वापरता रचलेली कमान उभी का राहते.
३. दगडी रचनेत सामर्थ्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे का असते.
४. दुरुस्ती, स्थलांतर आणि पुनर्बांधणी यांचा वारशाशी काय संबंध आहे.

१. शहराची जागा

सेगोव्हिया माद्रिदच्या वायव्येस, रस्त्याने सुमारे ९० किलोमीटरवर, ग्वादार्रामा पर्वताच्या उत्तर पायथ्याशी आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण १,००० मीटर. जुने शहर एका लांबट खडकाळ टेकडीवर वसले आहे. एका बाजूने एरेस्मा नदी आणि दुसऱ्या बाजूने क्लामोरेस ओढा वाहतो. दोन्ही प्रवाह जिथे मिळतात त्या निमुळत्या टोकावर अल्काथार हा किल्ला आहे. टेकडीचा आकार जहाजासारखा दिसतो, आणि किल्ला त्या जहाजाच्या नाळेवर उभा आहे असे वर्णन नेहमी केले जाते.

संरक्षणासाठी ही जागा उत्तम होती, पण तिची एक अडचण होती. पाणी खाली होते आणि माणसे वर. नदीवरून रोज पाणी चढवून आणणे लहान वस्तीला जमते, शहराला जमत नाही. दक्षिणेकडच्या डोंगरात भरपूर पाणी होते आणि ते शहरापेक्षा उंचावरही होते. म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ते आणता येणार होते. पण शहराच्या तोंडाशी जमीन खोल उतरते आणि मग टेकडी चढते. हा खोलगट भाग ओलांडणे हाच खरा प्रश्न होता.

२. पाण्याचा मार्ग

जलसेतू इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधला गेला असे मानले जाते. त्यावर एकेकाळी धातूच्या अक्षरांचा शिलालेख होता. अक्षरे केव्हाच नाहीशी झाली, ती बसवण्यासाठी पाडलेली भोके मात्र राहिली. अभ्यासकांनी त्या भोकांच्या मांडणीवरून मजकूर जुळवण्याचा प्रयत्न केला आहे.

आपण 'जलसेतू' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कमानींची रांग येते. प्रत्यक्षात ती संपूर्ण योजनेचा शेवटचा लहानसा भाग आहे. पाणी शहरापासून सुमारे १५ ते १७ किलोमीटरवर, रिओ फ्रिओ या डोंगरी प्रवाहातून घेतले जाई. 'रिओ फ्रिओ'चा अर्थ थंड नदी. तेथून बहुतेक अंतर ते जमिनीलगतच्या चरातून येई. शहराजवळ आल्यावर ते आधी एका टाकीत आणि मग दुसऱ्या टाकीघरात जाई. तेथे वेग मंदावला की वाळू आणि गाळ तळाशी बसे. जलशुद्धीकरणाच्या विषयात तुम्ही अवसादन टाकी शिकता, तिचेच हे साधे रूप. वाळू पुढे गेली असती तर चर घासला गेला असता आणि गाळाने भरलाही असता.

त्यानंतर पाणी कमानींवरच्या चरातून सुमारे एक टक्का उताराने टेकडीपर्यंत जाई. उतार फार ठेवला तर वेग वाढून चराची झीज होते आणि उंचीही वाया जाते. उतार फार कमी ठेवला तर गाळ साचतो. शहरातल्या पाण्याची पातळी ठरलेली असल्याने वाटेत किती उंची खर्च करायची याचा हिशेब उगमापासूनच मांडावा लागतो. पंप नसलेल्या काळात उंची हीच पुंजी होती.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. रोमनांना बंद नळातून पाणी खाली नेऊन पलीकडे वर चढवता येत नव्हते का? येत होते. शिशाच्या नळांची अशी उलटी वक्रनलिका त्यांनी इतर ठिकाणी वापरली आहे. पण २८ मीटर खोलीला नळातील पाण्याचा दाब सुमारे पावणेतीन वातावरणांइतका होतो. सांधे गळतात, शिसे महाग, आणि बिघाड आत दडलेला राहतो. कमानींवरचा उघडा चर मात्र कोणीही चालत जाऊन पाहू शकतो आणि साफ करू शकतो. सेगोव्हियाच्या आसपास ग्रॅनाइट भरपूर होता. स्थानिक साहित्य आणि देखभालीची सोय पाहता कमानींची निवड समजण्यासारखी आहे.

कमानींची संख्या साधारण १६७ सांगितली जाते. आथोगेखो चौकात जमीन सर्वांत खोल आहे. तेथे कमानींचे दोन मजले आहेत आणि उंची सुमारे २८ मीटर, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीइतकी. जमीन चढत जाते तसे खांब आखूड होतात आणि शेवटी कमानींचा एकच मजला उरतो. माथ्यावरची पाण्याची रेषा मात्र जवळजवळ सपाट राहते. चौकात उभे राहून वर पाहिले की हा सारा खटाटोप त्या एका रेषेसाठी आहे हे लक्षात येते.

३. चुन्याशिवाय कमान

ही रचना ग्रॅनाइटच्या वीस हजारांहून अधिक दगडांची आहे. खांब आणि कमानी यांच्या दगडांमध्ये चुना नाही, दुसरा कोणता सांधकही नाही. दगडांच्या अंगावर लहान खळगे दिसतात. दगड उचलताना लोखंडी चिमट्याची टोके अडकवण्यासाठी ते केलेले आहेत. एका अर्थाने बांधकामाची पद्धत दगडावरच लिहून ठेवली आहे.

मग हे दगड एकमेकांना कशाने धरून आहेत? स्वतःच्या वजनाने. कमानीचे दगड पाचरीच्या आकाराचे असतात, वर रुंद आणि खाली अरुंद. प्रत्येक दगड खाली घसरू पाहतो, पण घसरताना शेजारच्या दोन दगडांना दाबतो. त्यामुळे वजन सरळ खाली न जाता वळसा घेऊन कमानीच्या दोन्ही पायांकडे जाते. बांधताना लाकडी सेंटरिंग लागते. माथ्यावरचा कळीचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही. तो बसला की सेंटरिंग काढता येते, आणि त्यानंतर वजन जितके नीट बसेल तितकी कमान घट्ट होते.

पायाशी पोहोचलेल्या बलाचे दोन भाग पडतात: एक उभा आणि एक आडवा. आडवा भाग खांबाला बाहेर ढकलतो. एकट्या कमानीला हा रेटा घेण्यासाठी दोन्हीकडे जाड आधारभिंत लागते. पण कमानींची रांग असेल तर मधल्या प्रत्येक खांबावर डावीकडून आणि उजवीकडून सारखाच रेटा येतो. दोन्ही एकमेकांना रद्द करतात आणि खांबाच्या वाट्याला मुख्यतः उभे वजन उरते. म्हणूनच सेगोव्हियाचे खांब इतके सडपातळ ठेवता आले.

या युक्तीची किंमतही आहे. रांगेतला एक खांब गेला की शेजारच्या खांबावरचा एका बाजूचा रेटा नाहीसा होतो. दुसऱ्या बाजूचा रेटा तसाच राहतो आणि तो खांबही झुकू शकतो. रांगेतल्या कमानी एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात, त्यामुळे पडतानाही त्या एकमेकींना ओढतात. दगडी कमानपूल दुरुस्त करताना एका गाळ्यातले दगड आधाराशिवाय काढू नयेत, हा नियम यातूनच येतो.

४. थोडी आकडेमोड

आता आपण एक सोपे उदाहरण सोडवू. यातील मापे केवळ समजण्यासाठी गृहीत धरली आहेत. ती जलसेतूची मोजलेली मापे नाहीत.

समजा, ग्रॅनाइटची एक भिंत २८ मीटर उंच आणि २.५ मीटर जाड आहे. ग्रॅनाइटचे एकक वजन २६ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरू. भिंतीच्या १ मीटर लांबीचा विचार करू.

स्वतःचे वजन = २६ × २.५ × २८ = १,८२० किलोन्यूटन.

तळाशी सरासरी दाब = २६ × २८ = ७२८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे सुमारे ०.७३ मेगापास्कल.

चांगल्या ग्रॅनाइटचे दाबसामर्थ्य १०० मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. म्हणजे दगडाच्या ताकदीचा एक टक्काही वापरला जात नाही. खऱ्या रचनेत खांबांवर कमानींचे वजन येत असल्याने दाब याहून जास्त असेल, पण तो काही पटींनी वाढला तरी दगड चिरडण्याच्या जवळपासही जाणार नाही.

आता वाऱ्याचा विचार करू. वाऱ्याचा दाब १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरू. हा ताशी सुमारे १४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा गतिज दाब आहे.

उलथवणारे परिबल = १ × २८ × १४ = ३९२ किलोन्यूटन-मीटर.

परिणामी बल मध्यापासून किती सरकते? ३९२ ÷ १,८२० = ०.२१५ मीटर.

दगडी सांध्यात ओढ, म्हणजे ताण, येऊ नये यासाठी परिणामी बल जाडीच्या मधल्या एक-तृतीयांशात राहिले पाहिजे. ही मर्यादा मध्यापासून २.५ ÷ ६ = ०.४१७ मीटर आहे. आपले उत्तर तिच्या आत आहे. सर्व सांधे दाबातच राहतात. त्यांना चिकटवण्यासाठी चुन्याची गरज पडत नाही.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. दगडी रचना बहुधा दगड फुटून पडत नाही. आकार बिघडला, पाया खचला, खांब ओळंब्यातून गेला की बलाची रेषा दगडाच्या बाहेर जाऊ लागते आणि रचना पडते. ब्रिटिश अभियंते जॅक हेमन यांनी विसाव्या शतकात हाच विचार सिद्धांताच्या रूपात मांडला. त्यांची तीन गृहीतके अशी: दगडाचे दाबसामर्थ्य व्यवहारात अमर्याद आहे, सांध्यांचे ताणसामर्थ्य शून्य आहे, आणि दगड एकमेकांवर सरकत नाहीत. या तीन अटींखाली, बाह्य भारांशी समतोल साधणारी आणि संपूर्णपणे दगडाच्या आत राहणारी एक जरी बलरेषा काढता आली, तरी रचना सुरक्षित मानता येते.

म्हणून जुन्या वास्तूच्या तपासणीत पहिला प्रश्न 'दगड किती मजबूत आहे?' हा नसावा. 'आकार बदलला आहे का, आणि अजून बदलत आहे का?' हा असावा. शंभर वर्षे स्थिर असलेली रुंद भेग निरुपद्रवी असू शकते. दर पावसाळ्यात केसाएवढी वाढणारी भेग धोक्याची असते. हा फरक एका भेटीत कळत नाही. त्यासाठी भेगेवर खुणा करून ऋतुमागून ऋतू मोजमाप घ्यावे लागते.

५. छत्तीस कमानी

जलसेतू दोन हजार वर्षे जसाच्या तसा उभा आहे, असे पर्यटनाच्या पुस्तकांत वाचायला मिळते. ते खरे नाही. मध्ययुगात, परंपरेने अकराव्या शतकातल्या एका हल्ल्यात, त्याच्या काही कमानी पडल्या. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांच्या काळात, ३६ कमानी पुन्हा बांधण्यात आल्या. हे काम जवळच्याच पार्राल मठातील हुआन दे एस्कोबेदो या भिक्षूच्या देखरेखीखाली झाले.

लक्ष देऊन पाहिले तर या कमानी ओळखू येतात. त्यांपैकी काहींचा माथा रोमन कमानीसारखा पूर्ण गोल नसून किंचित टोकदार आहे. बांधणारे पंधराव्या शतकातले होते आणि त्यांच्या हातात गॉथिक कमान होती. पण पाण्याची पातळी, खांबांची लय आणि चुन्याशिवाय दगड बसवण्याची रीत त्यांनी सांभाळली.

दुरुस्ती का झाली, याचे उत्तर साधे आहे. शहराला पाणी हवे होते. जलसेतू तेव्हा 'वारसा' नव्हता, पाणीपुरवठा होता. त्यातून विसाव्या शतकापर्यंत पाणी वाहत राहिले. पाणी वाहत असल्यामुळे चर साफ होत राहिला, गळती बुजवली गेली, निसटलेले दगड बसवले गेले. रोमन साम्राज्यातल्या अनेक जलसेतूंचे दगड लोकांनी घरांसाठी काढून नेले. येथे तसे झाले नाही, कारण रोज लागणारी वस्तू कोणी मोडत नाही.

लोककथेने मात्र याचे श्रेय सैतानाला दिले आहे. डोंगराळ रस्त्याने रोज पाणी वाहून दमलेल्या एका मुलीने सैतानाशी सौदा केला. कोंबडा आरवण्यापूर्वी पाणी घरापर्यंत आणलेस तर माझा आत्मा तुझा, असे तिने कबूल केले. सैतानाने रातोरात कमानी रचल्या, पण शेवटचा दगड बसवण्याआधीच पहाट झाली आणि मुलगी वाचली. तो दगड राहिला त्या जागी आज देवतेची मूर्ती आहे, असे सांगतात. कथेतला सैतान काल्पनिक आहे, पण पाणी वाहणाऱ्या मुलीचा थकवा खरा आहे. पाणीपुरवठा योजनेचा लाभ कोणाला होतो हे त्या कथेने नेमके पकडले आहे.

६. कॅथेड्रल: हलवलेले प्रांगण

सेगोव्हियाचे जुने कॅथेड्रल अल्काथारच्या समोर होते. १५२०-२१ मध्ये राजा कार्लोस पहिला याच्याविरुद्ध कास्तीलच्या शहरांनी उठाव केला. किल्ल्यात राजाचे सैन्य आणि समोर बंडखोर, अशी लढाई झाली आणि मधल्या कॅथेड्रलची वाताहत झाली. नवे कॅथेड्रल किल्ल्यापासून दूर, शहराच्या मुख्य चौकात बांधायचे ठरले. काम १५२५ मध्ये सुरू झाले. पहिले वास्तुकार हुआन गील दे ओन्तान्योन, आणि त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा रोद्रिगो.

तोवर इटलीतून प्रबोधनाची शैली स्पेनमध्ये पोहोचली होती. तरीही हे कॅथेड्रल गॉथिक पद्धतीनेच बांधले गेले, आणि म्हणून ते स्पेनमधल्या अगदी शेवटच्या मोठ्या गॉथिक कॅथेड्रलांत गणले जाते. मधल्या दालनाची उंची सुमारे ३३ मीटर आहे. जलसेतूशी त्याची तुलना करून पाहा. जलसेतूत शेजारच्या कमानींचे रेटे एकमेकांना रद्द करतात. कॅथेड्रलच्या छतातल्या कमानींचा रेटा आडव्या दिशेने भिंतीबाहेर जातो आणि तो घ्यायला शेजारी कोणी नसते. म्हणून बाहेरच्या बाजूने तिरक्या अर्धकमानी लावून तो रेटा जड आधारखांबांपर्यंत पोहोचवला आहे. टोकदार कमानीचा रेटा तेवढ्याच रुंदीच्या बसक्या कमानीपेक्षा कमी असतो, हाही त्यामागचा विचार आहे.

अभियंत्याच्या दृष्टीने येथील सर्वांत मनोरंजक भाग म्हणजे स्तंभांच्या ओवऱ्यांनी वेढलेले प्रांगण. ते पंधराव्या शतकात हुआन ग्वास यांनी जुन्या कॅथेड्रलसाठी बांधले होते. नवे कॅथेड्रल उभे राहत असताना हुआन काम्पेरो यांनी ते दगड दगड सोडवून नव्या जागी पुन्हा रचले. धरणाच्या पाण्यात जाणारी मंदिरे आज आपण क्रमांक घालून हलवतो. सेगोव्हियाने ते सोळाव्या शतकात केले. दाबाने तोललेली रचना उलट क्रमाने सोडवता येते आणि पुन्हा जुळवता येते, हा दगडी बांधकामाचा मोठा गुण आहे. काँक्रीटच्या इमारतीला तो नाही.

कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पूर्वी अमेरिकेतून आणलेल्या महोगनीचे उंच निमुळते शिखर होते. १६१४ मध्ये वीज पडून ते जळाले. त्यानंतर तेथे घुमटाकार माथा बांधण्यात आला आणि मनोऱ्याची उंची कमी झाली. आज शहराची जी आकृती चित्रांत दिसते ती या अपघातानंतरची आहे.

७. अल्काथार: छप्पर, प्रयोगशाळा आणि आग

'अल्काथार' हा शब्द अरबी 'अल-कस्र' म्हणजे किल्ला किंवा वाडा यावरून आला. या किल्ल्याचे उल्लेख बाराव्या शतकापासून मिळतात. कास्तीलच्या राजांचे हे आवडते निवासस्थान होते, आणि डिसेंबर १४७४ मध्ये इसाबेलला राणी म्हणून घोषित करण्यात आले तेही सेगोव्हियातच. आतील दालनांची लाकडी नक्षीदार छते मुदेखार शैलीची, म्हणजे ख्रिस्ती राज्यात राहणाऱ्या मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतली होती. सोळाव्या शतकात फेलिपे दुसरा याने फ्लँडर्सच्या धर्तीवर त्यावर उतरती, टोकदार स्लेटची छपरे बसवली. हिमवर्षाव होणाऱ्या प्रदेशात तीव्र उतार उपयोगी पडतो. पण स्लेट लाकडी सांगाड्यावर बसते, आणि लाकूड जळते, हे पुढे दिसून आले.

१७६४ मध्ये येथे तोफखान्याची लष्करी अकादमी सुरू झाली. रसायनशास्त्रात तुम्ही निश्चित प्रमाणांचा नियम शिकला आहात. संयुगातील मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण नेहमी ठरलेले असते असे तो सांगतो. तो मांडणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ लुई प्रूस्त अठराव्या शतकाच्या अखेरीस याच अकादमीत शिकवत होते. तोफेच्या दारूसाठी रसायन लागे, म्हणून लष्करी शाळेत प्रयोगशाळा आली.

६ मार्च १८६२ रोजी किल्ल्याला आग लागली. छपरे आणि मुदेखार छते जळून गेली. भिंती उभ्या राहिल्या. पुनर्बांधणीचे काम १८८२ मध्ये सुरू झाले. आतली छते पुढे पुन्हा करता आली याचे कारण असे की आगीपूर्वी होसे मारिया आव्रियाल या चित्रकाराने त्या दालनांची तपशीलवार रेखाटने करून ठेवली होती. एका माणसाने कागदावर केलेल्या नोंदींनी जळालेले दालन परत आणले. मोजमाप आणि नोंद हे काम कंटाळवाणे वाटते, पण वास्तू गेल्यावर तेवढेच उरते.

८. नदीकाठची टांकसाळ

किल्ल्याखाली एरेस्मा नदीच्या काठावर फेलिपे दुसरा याने १५८० च्या दशकात राजेशाही टांकसाळ बांधली. आराखडा एल एस्कोरियालच्या प्रासादाचे वास्तुकार हुआन दे एर्रेरा यांचा. तोवर नाणी हातोड्याने ठोकून पाडत. येथे ऑस्ट्रियातील तिरोल प्रांतातल्या हाल या गावाहून आणलेले तंत्र वापरले गेले. पाणचाके रूळ फिरवत, आणि चांदीची पट्टी दोन रुळांमधून जाताना पातळ होई. ठसे कोरलेल्या रुळांमधून गेली की तिच्यावर नाण्याची दोन्ही बाजूंची छाप उमटे. नाणी एकसारख्या जाडीची आणि गोल होऊ लागली. कच्चा माल, ऊर्जा, यंत्रे आणि कामाचा क्रम यांचा एकत्रित विचार करून बांधलेली ही युरोपातली जुनी औद्योगिक इमारत मानली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टांकसाळ बंद पडली. मग तिथे पिठाची गिरणी आली, कारण पाण्याचा बांध आणि चाकांची जागा तयारच होती. विसाव्या शतकात गिरणीही थांबली आणि इमारत ओस पडून ढासळू लागली. पुढे तिची दुरुस्ती झाली आणि आता तेथे संग्रहालय आहे. वापर बदलला तोवर इमारत टिकली, आणि वापर थांबला तेव्हाच ती मोडकळीला आली, हे लक्षात घ्या.

९. घरांचा गिलावा आणि रिकामी झालेली वस्ती

मोठ्या वास्तू सोडून गल्लीत शिरलात तर घरांच्या भिंतींवर भौमितिक नक्षी दिसते. तिला एस्ग्राफियादो म्हणतात. पद्धत अशी: भिंतीवर चुना आणि वाळूचा एक थर देतात, त्यावर वेगळ्या छटेचा दुसरा थर देतात, आणि तो ओला असतानाच साचा ठेवून वरचा थर खरवडून काढतात. आतला रंग उघडा पडून नक्षी तयार होते. काही ठिकाणी वर्तुळांच्या मध्ये भट्टीतल्या राखेचे काळे खडे बसवलेले असतात. साध्या विटा-दगडाच्या भिंतीला त्यामुळे संरक्षण आणि शोभा दोन्ही मिळते. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. जुन्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दगड-विटा आतून झडू लागतात. ही चूक आपल्याकडेही सर्रास होते.

जुन्या शहराच्या दक्षिण बाजूला ज्यू वस्ती होती. तिथले मुख्य सिनेगॉग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीलाच ताब्यात घेऊन त्याचे चर्च करण्यात आले. १४९२ मध्ये राजाज्ञेने स्पेनमधल्या ज्यूंना धर्म बदला किंवा देश सोडा असे सांगण्यात आले. १८९९ मध्ये ती इमारत जळाली आणि नंतर पुन्हा सावरली गेली. नालाकृती कमानी आज पाहता येतात. पण त्या बांधणारी माणसे परत आली नाहीत. जतन करताना भिंती वाचवणे आपल्या हातात असते. भिंतींमागचा इतिहास पूर्ण सांगणे हाही त्याच कामाचा भाग आहे.

१०. जतनाचे प्रश्न

पाणीपुरवठा थांबल्यावर जलसेतू 'स्मारक' झाला आणि त्याच्यापुढे नवे धोके आले. कमानींखालून मोटारी जात होत्या. वाहनांचा धूर ग्रॅनाइटच्या पृष्ठभागाला खातो, रहदारीची कंपने सांध्यांना हलवतात, आणि माथ्यावरच्या चरातून झिरपणारे पाणी हिवाळ्यात गोठून फुगते. १९९२ मध्ये कमानींखालची वाहतूक बंद करण्यात आली. हा निर्णय सोपा नसतो. शहराचा मुख्य रस्ता बंद करणे म्हणजे दुकानदार, प्रवासी आणि बस यांची रोजची गैरसोय. तरी दगड जोडण्याआधी नुकसानीचे कारण थांबवणे हा दुरुस्तीचा पहिला नियम येथे पाळला गेला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. छत्तीस कमानी पंधराव्या शतकातल्या, प्रांगण दुसऱ्या जागेवरचे, मनोऱ्याचा माथा बदललेला, किल्ल्याची छते चित्रांवरून केलेली. मग सेगोव्हियात 'अस्सल' काय आहे? माझे मत असे: दुरुस्ती हा वारशाचा दोष मानू नये. दुरुस्ती कोणत्या काळातली आहे ते ओळखता यावे, तिची नोंद असावी, आणि मूळ रचनेचे तर्कशास्त्र तिने मोडू नये, एवढ्या अटी पाळल्या की ती वारशाचाच भाग होते. एस्कोबेदोंच्या टोकदार कमानी या तिन्ही अटी पूर्ण करतात. त्याउलट दाबाने तोललेल्या कमानीच्या सांध्यांत कडक सिमेंट भरणे हे वरवर मजबुतीकरण वाटले तरी रचनेची हालचाल रोखते आणि नव्या भेगा पाडते.

सारांश

• सेगोव्हियाचा जलसेतू पाण्याची पातळी राखण्यासाठी बांधला गेला. उतार, गाळ आणि देखभाल यांचा विचार त्यात सुरुवातीपासून आहे.
• कमानींचे दगड वजनानेच एकमेकांना दाबून धरतात. रांगेत शेजारच्या कमानींचे आडवे रेटे एकमेकांना रद्द करतात.
• दगडी रचनेत प्रतिबल सहसा फार कमी असते. प्रश्न स्थैर्याचा आणि आकाराचा असतो.
• कॅथेड्रल, अल्काथार आणि टांकसाळ या वास्तू हलवणे, पुन्हा बांधणे आणि नवा उपयोग शोधणे यांमुळे टिकल्या.
• नोंद, निरीक्षण आणि नुकसानीचे कारण दूर करणे या गोष्टी मजबुतीकरणाच्या आधी येतात.

स्वाध्याय

१. भाग ४ मधील उदाहरणात वाऱ्याचा दाब दुप्पट धरा. परिणामी बल मध्यापासून किती सरकते? ते मधल्या एक-तृतीयांशाच्या किंचित बाहेर जाते, तरी भिंत का उलथत नाही, हे सांगा. (सूचना: उलथण्यासाठी ते बल मध्यापासून १.२५ मीटरवर जावे लागेल.)

२. भिंतीची जाडी १.५ मीटर घेऊन हेच गणित पुन्हा करा. जाडी कमी झाल्याचा परिणाम सरासरी दाबावर होतो की स्थैर्यावर? कारण लिहा.

३. पाच कमानींच्या रांगेतली मधली कमान दुरुस्तीसाठी उतरवायची आहे. कामाचा क्रम लिहा आणि प्रत्येक टप्प्याला आडवा रेटा कोण घेतो ते आकृतीत दाखवा.

४. तुमच्या गावातील किंवा महाविद्यालयाजवळील एक जुनी दगडी रचना निवडा: पूल, विहीर, घाट, वेस, काहीही. तिची मापे घ्या, छायाचित्रे काढा, भेगांच्या जागा नकाशावर दाखवा. एका भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून सहा महिने दर महिन्याला अंतर मोजा. शेवटी एका पानाचा अहवाल लिहा. त्यात 'असुरक्षित' हा शब्द वापरायचा असेल, तर आधी तुमची मोजमापे तो शब्द सिद्ध करतात का ते तपासा.